पाप कोणाचे?

योहानकृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांधास पाहून शिष्य प्रभूस पुसतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? ते अंधत्व कोणाच्याही पापाचे फळ नव्हे, असे प्रभू सांगतो. पुढे यहूदी पुढारी त्या आईबापांस बोलावून दटावितात, तेव्हा सभास्थानातून काढले जाण्याच्या भयाने ती उत्तर मुलावर टाकतात. त्यांस भित्री म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. जन्मभर लोकांनी ज्यांच्याकडे बोट दाखविले, त्यांच्या अंगी धीर कोठून उरावा?

प्रिय वाचकहो, ते बोट अद्याप खाली आलेले नाही. सेरेब्रल पाल्सी हा विकार वाढत्या मेंदूस गर्भात, जन्मसमयी किंवा तान्हेपणी इजा झाल्याने होतो. तरी शेजारीण आईस पुसते, ग्रहणात भाजी चिरली होतीस काय? आणि आमच्यातील कोणी म्हणतो, विश्वास कमी पडला. दोन्ही बोलणी एकाच जातीची. आधीच रात्रीची झोप गेलेली ती माउली अशाने मनाने खचते. बाप अबोल होतो.

उपदेशकांनी घरभेटीस गेल्यावर प्रार्थनेपूर्वी विचारावे, झोप लागते काय? अन्न गोड लागते काय? मग मंडळीतील दोघी बहिणींनी मुलास भरविण्याची व उचलण्याची रीत आईकडून शिकून आठवड्यातून एक दुपार त्यास सांभाळावे. त्या वेळी आईने निजावे. तिने भगिनीसभेस यावे असा आग्रह कृपा करून कोणी धरू नये. जीव नकोसा झाल्याचे शब्द कानी पडले, तर तिला एकटी सोडू नये व त्याच घटकेस १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. सरकारची ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून चालू असून विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.