वेगाचे चलन : भरायचे की लढायचे?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मेसमधून जेवून आलो तर रूममेटच्या मोबाईलवर ई-चलन. मर्यादा ताशी ६० कि.मी., नोंदलेला वेग ७८, दंड १००० रुपये. "अरे, मी त्या रस्त्याला गेलोच नाही!" म्हणून तो नुसता तडफडत होता. अख्खी विंग गोळा झाली. निम्मे म्हणाले, भरून टाक. निम्मे म्हणाले, कोर्टात खेच. चलनातला फोटो मात्र कुणीच उघडला नव्हता. उघडला, तर गाडी त्याचीच आणि चालवणारा शेजारच्या खोलीतला!

म्हणून पहिला धडा : आधी फोटो बघा. नंबर नीट वाचला आहे का, गाडीचा मेक आणि रंग जुळतो का, तारीख, वेळ, ठिकाण काय आहे. फक्त पैसे भरायची लिंक मेसेजमधून उघडू नका, खोटे मेसेज फार फिरतात. अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकूनच चलन बघा.

आता आपला विषय, म्हणजे यंत्र. शेजारचा म्हणाला, "पोलिसाने गन तिरकी धरली होती, रीडिंग चुकलं." चुकले असेलही, पण कुणाच्या बाजूने? रडार गन डॉप्लर तत्त्वावर चालते. वारंवारतेतला फरक = २ × वेग × मूळ वारंवारता ÷ प्रकाशाचा वेग. यातला वेग हा गनच्या दिशेचा घटक असतो. कोन वाढला की कोसाइन कमी होतो. खरा वेग ६६ असेल तर २० अंशांतून गन ६२ दाखवेल. म्हणजे उभ्या गनचा तिरकेपणा चालकाच्या फायद्याचा! हा मुद्दा कोर्टात मांडणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

"माझा काटा ६० वरच होता" हेही लंगडे. मागचे टायर मोठे बसवले असेल तर खरा वेग काट्यापेक्षा जास्त असू शकतो.

मग खरे मुद्दे कोणते?

१) कलम १८३ (३) : एकाच साक्षीदाराच्या 'गाडी जोरात होती' अशा मतावर शिक्षा होत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेले असावे लागते.

२) नियम १६७-अ : मोटार वाहन नियमांत हा २०२१ साली आला. कॅमेऱ्यासारख्या उपकरणाला राज्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवे. देखरेख असलेल्या रस्त्यावर आधी सूचनाफलक हवा. चलनासोबत स्पष्ट फोटो आणि यंत्राचे मोजमाप हवे.

३) वेगमर्यादा : त्या ठिकाणी, तुमच्या प्रकारच्या वाहनाला खरोखर किती आहे? जागेवर जाऊन फलकांचे फोटो काढा, तारखेसकट.

४) तुम्ही दुसरीकडे होतात याचा पुरावा : लॅबचे हजेरीपत्रक, हॉस्टेलचे गेट रजिस्टर, पार्किंगची पावती.

हे सगळे एका फाईलमध्ये तारीखवार लावा. आधी वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. उघड चूक, म्हणजे चुकीचा नंबर वगैरे, तिथेच मिटू शकते. चलनावरची मुदत मात्र सोडू नका. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेले तर 'दंड भरा' आणि 'लढा' असे दोन पर्याय येतात. लढा निवडलेत की खटला नेहमीच्या कोर्टात जातो. तिथे गुन्हा सिद्ध करणे हे सरकार पक्षाचे काम, पण तारखेला हजर राहणे तुमचे. आवाज चढवू नका. "यंत्राचे प्रमाणपत्र दाखवावे" एवढी नम्र मागणी पुरते. लोक अदालतीत दंडाची तडजोड होते, खरे-खोटे ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि आमच्या विंगची गोष्ट? फाईल बनवायची वेळच आली नाही. शेजाऱ्याने मुकाट्याने १००० रुपये दिले. चलन जाते गाडीमालकाच्या नावावर, आणि पोलिसांनी विचारल्यावर चालक कोण होता हे सांगणे कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. तेव्हा "जरा चावी दे रे" म्हणणाऱ्याला चावी देताना एवढे आठवा.

चूक यंत्राची असेल तर जरूर लढा. चूक आपली असेल तर पैसे भरा आणि पुढच्या वेळी हात जरा हलका ठेवा. त्या रात्रीचे ७८ निभावले. प्रत्येक रात्री निभावेलच असे नाही.