चंद्रावरची कोपी

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पुष्कळ लोक ऊस तोडायला जातात. माझे आई-आण्णाही जातात. तिथे बांबू, चटया आणि ताडपत्रीची कोपी करून राहतात. कोपीची गंमत अशी, की जाताना सगळं सामान गुंडाळून गाडीत मावतं आणि तिथं गेल्यावर त्याचंच घर होतं.

चंद्रावर राहायला जाणाऱ्यांनाही असेच घर लागेल. यानात जागा थोडी असते आणि फार वजन नेता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी हवेने फुगणारे घर शोधून काढले. अमेरिकेने 'बीम' नावाची अशी एक खोली एप्रिल २०१६ मध्ये अंतराळ स्थानकात पाठवली. घडी केलेली असताना ती सुमारे २ मीटर लांब होती. २६ मे रोजी हवा सोडली, पण ती नीट उलगडली नाही. मग २८ मे रोजी हळूहळू हवा सोडली, तेव्हा ती ४ मीटर लांब झाली.

कोपीला बांबूचा आधार असतो. या घराला आतल्या हवेचा आधार. आपल्याभोवतीची हवा नखाएवढ्या जागेवर सुमारे १ किलो जोर लावते. चंद्रावर बाहेर हवाच नाही. म्हणून आतली हवा भिंतीला सारखी बाहेर ढकलणार. मग घर फुटणार नाही का?

गुरुजींनी सायकलचे चाक दाखवले. ट्यूब हवा धरते, पण नुसती ट्यूब फुगून फुटेल. टायर तिला आवरतो. तसेच या घराला आत ट्यूबसारखा थर आणि त्यावर टायरसारखे मजबूत विणलेले कापड असते. त्यावर गोधडीसारखे अनेक थर असतात. कारण अवकाशातले बारीक खडे फार वेगाने येऊन आदळतात. भोक पडले तर हवा निघून जाईल!

चंद्रावर सुमारे १४ दिवस ऊन आणि १४ दिवस रात्र असते. आपले चंद्रयान-३ तिथे २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले. त्याने मातीचे तापमान मोजले. वर ५० अंशांहून जास्त आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली शून्याखाली १० अंश! म्हणजे तिथली माती उष्णता आत जाऊ देत नाही. फुगवलेल्या घरावर तीच माती टाकली तर ऊन, थंडी आणि खडे, तिन्हींपासून बचाव होईल. आमच्या आजीचे माळवद मातीमुळेच उन्हाळ्यात गार राहते.

गेल्या साली अवकाळी पावसात आमची कोपी गळाली. आई रात्रभर धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. चंद्रावर पाऊस नाही, तरी शास्त्रज्ञ तिथल्या घराचा एवढा विचार करतात. तसे हलके, न गळणारे घर ऊसतोडीच्या तळावरही पाहिजे. मी मोठा झाल्यावर पहिले घर तिथे करीन आणि दुसरे चंद्रावर.

– इयत्ता ४ थी