बेल्ट ताणायची खाच : बोट सोडायच्या आधी एकदा बघा

गोव्यात ३१ जुलैला बंदी संपते नि जेटीवर सगळी घाई जाळ्यांची नि बर्फाची. इंजिनाचा बेल्ट आठवतो तो चीं-चीं करायला लागला की मगच.

अल्टरनेटर इंजिनाला दोन जागी बांधलेला असतो. खालचा बोल्ट म्हणजे बिजागरी, त्यावर तो फिरतो. वरच्या पट्टीला लांबट, वाकडी खाच असते, तिच्यात दुसरा बोल्ट सरकतो. बेल्ट वापरून ढिला पडतो, तेवढा अल्टरनेटर बाहेर सरकवायचा. खाच त्यासाठीच. पुष्कळ इंजिनांवर पाणी फिरवणारा पंपही याच बेल्टवर असतो. तिथे बेल्ट घसरला तर नुसती बॅटरी उतरत नाही, इंजिन तापतं, तेही भर दर्यात.

इंजिन बंद करून थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला पाना टेकला तर ठिणगी उडते. मग दोन्ही बोल्ट ढिले करा. नुसता वरचा ढिला करून जोर लावला तर पट्टी वाकते. लाकडी दांडक्याने अल्टरनेटर बाहेर रेटा. पहार घालून अल्युमिनियमची बॉडी फोडलेले कमी नाहीत! ताण धरूनच वरचा बोल्ट कसा, मग खालचा.

ताण किती? दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला तर बरोबर. इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आपल्याकडे तारेसारखा घट्ट करायची खोड आहे. आवाज जातो खरा, पण मागोमाग अल्टरनेटरचं नि पंपाचं बेअरिंगही जातं. नवा बेल्ट मात्र अर्धा तास चालवून परत बघा, तो बसतो नि ढिला पडतो.

बोल्ट खाचेच्या टोकाला पोचला म्हणजे बेल्ट संपला. पुलीच्या खोबणीचा तळ चकचकीत दिसला तरी तेच समजा, बेल्ट झिजून खाली टेकतोय. जोडीचे बेल्ट असतील तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर सगळा भार एकट्या नव्यावर येतो.

खाऱ्या हवेने खाच गंजते, मग बोल्ट सरकतच नाही. बंदीत बोट वर असताना तो काढून खाच तारेच्या ब्रशने घासा, थोडं ग्रीस लावा. बेल्टला मात्र ग्रीस लागू देऊ नका.

काढलेला बेल्ट तुटलेला नसेल तर फेकू नका. नव्या जादा बेल्टबरोबर तोही, नि त्या बोल्टाचा पाना, एकाच पिशवीत बांधून बोटीवर ठेवा.