एकालाच झगा शिवू नका

आईबाबांनो, दोन भावांचं बोलणं बंद झालं की आपण दोष देतो सुनेला, नाहीतर सातबाऱ्याला. मोहोपाड्यात जमिनीचं कारण तर हाताशीच असतं. रसायनीत एचओसी कंपनी आली, पाताळगंगेकाठी एमआयडीसी वाढली, जमिनीला भाव आला आणि बांधावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. पण माझं ऐकाल तर आणखी मागे जा, ही पोरं एका ताटात जेवत होती तिथवर.

त्यासाठी योसेफाची गोष्ट सांगते. बायबलमधली असली तरी रायगडाला ती परकी नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या आपल्या बेने इस्राएल ज्यू शेजाऱ्यांच्या धर्मग्रंथातली ती गोष्ट. बायबलातल्या कथा त्यांनी मराठी कीर्तनांतही रंगवल्या. पनवेलचं त्यांचं बेथ एल सिनेगॉग 1849 सालचं.

याकोबाला बारा मुलगे. उंची झगा मात्र एकट्या योसेफाला. भाऊ त्याच्याशी धड बोलेनासे झाले आणि सतराव्या वर्षी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकून मोकळे झाले. झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे टाकला. मला याकोबाचं फार वाईट वाटतं. त्याच्या लहानपणी बाप थोरल्या भावाचा, एसावाचा, आणि आई याची, अशी घराची वाटणी त्याने स्वतः भोगली होती. तरी त्याने तेच केलं.

पुढे दुष्काळात भाऊ धान्यासाठी मिसरात आले. आपण विकलेला योसेफच इथे अधिकारी होऊन समोर उभा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याने त्यांना जेवू घातलं आणि धाकट्या बन्यामिनाला इतरांच्या पाचपट वाढलं. पुन्हा तोच दुजाभाव, पण या वेळी कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. मग बन्यामिनावर चोरीचा आळ आला, तेव्हा यहूदा पुढे झाला. योसेफाला विकायची कल्पना याचीच. आता तोच म्हणाला, याच्याऐवजी मला गुलाम ठेवा, हा गेला तर बाप जगणार नाही. तेव्हा मात्र योसेफाला रडू आवरेना आणि त्याने ओळख दिली. विकल्याला वीस-बावीस वर्षं झाली होती.

आपण मात्र पोरं भांडली की पाच मिनिटांत ‘सॉरी म्हण, हात मिळव’ म्हणून मोकळे होतो. ज्याला लागलंय त्याला आधी बोलू द्या. ज्याने दुखावलं त्याला काहीतरी करून दाखवायला वेळ द्या.

आणखी एक. याकोब वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले. त्यांनी योसेफाला निरोप धाडला की, माफ कर असं बाबांनी मरण्यापूर्वी सांगितलंय. याकोब तसं बोलल्याचं मात्र गोष्टीत कुठेच येत नाही. योसेफ पुन्हा रडला. बाप 17 वर्षं सगळ्यांसोबत मिसरात राहिला होता, तरी हा विषय राहूनच गेला होता. तुम्ही राहू देऊ नका. या गणपतीला सगळी घरी येतील तेव्हा दोघांना जवळ बसवा, आणि आपण कुणाला कधी झुकतं माप दिलं, ते तुमच्या तोंडाने सांगा.