शूऽ, असं विचारू नये

लोकल असो, लग्नाचा हॉल असो की सोसायटीची बाग, मुलांचा प्रश्न नेमका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात येतो. ‘आई, त्या काकांना एकच हात का आहे?’ मग आपण मुलाचा दंड दाबतो, डोळे मोठे करतो, ‘शूऽ, असं विचारू नये’ म्हणतो आणि त्याला पुढे ओढतो. मनात वाईट काहीच नसतं. त्या माणसाला लागू नये, एवढंच वाटत असतं. त्यात हातात भाजीची पिशवी, घरी कुकर लावायचा, उद्याचा डबा डोक्यात. त्या गडबडीत दुसरं सुचणार तरी काय?

पण पोराला त्यातून काय कळलं? हाताबद्दल काहीच नाही. एवढंच कळलं की या माणसात असं काहीतरी आहे, ज्याबद्दल बोलायचं नसतं. पुढच्या वेळी ते विचारणार नाही, आणि जवळही जाणार नाही. दिव्यांग माणसांबद्दल कोणता शब्द वापरावा याची आपण काळजी करतो, ती योग्यच आहे. पण मुलं सगळ्यात आधी आपलं हे ‘शूऽ’ उचलतात, असं मला फार वाटतं.

त्यानंतर उचलतात ते ‘बिचारा’. आपण हळहळतो, घरातलं मोठं माणूस ‘देवानं असं का केलं गं’ म्हणतं, आणि कधी कधी कुणी पुढे जाऊन ‘बघ, नीट जेवला नाहीस तर असं होतं’ अशी भीतीही घालतं. लहान मुलाच्या प्रश्नात कुतूहलाइतकीच भीती असते. मलाही असं होईल का? त्यांनी काही वाईट केलं होतं का? त्यांना हात लावला तर चालेल का? आपण गप्प बसवलं की ही भीती आतच राहते, आणि रात्री अंथरुणात वेगळ्याच रूपात बाहेर येते.

उत्तर खरं तर अगदी साधं असतं. ‘काही जण जन्मतःच असे असतात, काहींना आजारामुळे किंवा अपघातामुळे होतं. कुणाला हात लावून ते आपल्याला होत नाही. ते काका त्यांची कामं त्यांच्या पद्धतीनं करतात.’ एवढं चालता चालता सांगून होतं. समोरची व्यक्ती हसली तर आपणही हसावं, नमस्कार करावा. नाही हसली तरी हरकत नाही. प्रत्येकाला दर वेळी उत्तरं द्यायची इच्छा असेलच असं नाही, हेही मुलाला सांगता येतं.

सकाळची गोष्ट मात्र अवघड असते. व्हॅनवाले काका खाली हॉर्न देताहेत, एक मोजा सापडत नाही, आणि आपल्या तोंडून निघतं, ‘डोळे फुटलेत का? समोर तर आहे!’ नाहीतर ‘बहिरा झालास का, कधीची हाक मारतेय!’ वेडा, मेंटल, लंगडा, तोतरा... हे शब्द आपण कुणा दिव्यांग माणसाला कधीच म्हणणार नाही. म्हणतो ते आपल्याच लेकरांना, वैतागून. मुलं ते दप्तरात घालून वर्गात नेतात, आणि तिथे शेजारच्या बाकावर कानाला यंत्र लावलेली मुलगी बसलेली असते.

म्हणून म्हणी, खेळ सगळं टाकून द्या असं मी म्हणणार नाही. लंगडी खेळू दे, आंधळी कोशिंबीर खेळू दे. टाकायची ती शिवी. ‘ऐकू आलं का?’ आणि ‘खाली बघून चाल’ एवढ्यावरही काम भागतं.

आता शब्दांचं. अपंग, विकलांग, दिव्यांग, विशेष... आपला गोंधळ उडतो, कारण शब्द आपल्या डोळ्यांदेखत बदललेत. 2015 च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर, पाट्यांवर आला. अनेक कुटुंबांना तो आवडला. अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतल्या अनेकांना नाही आवडला. आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प आणि नोकरी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटतं. मुंबईत 1972 साली सुरू झालेल्या ‘स्पास्टिक्स सोसायटी’नेही पुढे आपलं नाव बदलून ‘अडॅप्ट’ केलं. तेव्हा आपलाही शब्द बदलला तर त्यात अवघडण्यासारखं काही नाही. समोरची व्यक्ती स्वतःला जे म्हणवते ते म्हणावं, आणि त्याआधी तिला तिच्या नावानं हाक मारावी. ‘ती व्हीलचेअरवाली’ नाही, तर सानिका.

दोन शब्द मात्र आजच सोडावेत. ‘मतिमंद’, कारण तो कधीच शिवी झालाय. आणि ‘नॉर्मल मुलं’, कारण तो ऐकताना त्या दुसऱ्या मुलाच्या आईच्या पोटात काय होत असेल! ‘मूकबधिर’सुद्धा पुष्कळदा चुकीचा असतो. ऐकू न येणाऱ्या अनेकांना आवाज असतो, आणि खाणाखुणांची त्यांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. 2021 साली भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश निघाला. मुलांना हे सांगून बघा, त्यांना ती भाषा शिकायचीच असते.

आणि आता जरा आपल्या घराकडे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यात स्वमग्नता आहे, सिकलसेल आणि हिमोफिलिया आहे, अध्ययन अक्षमताही आहे. यातलं कितीतरी बघून कळत नाही. पाचवीत गेलेला मुलगा वाचताना अडखळतो, ‘ब’ आणि ‘व’मध्ये गोंधळतो, आणि आपण त्याला ‘आळशी’ म्हणतो, वर्ग त्याला ‘ढ’ म्हणतो. तपासणी करायला आपण घाबरतो, शिक्का बसेल म्हणून. पण ‘ढ’ हा शिक्का त्याच्यावर बसलेलाच असतो, आणि तो स्वतःला रोज तेच सांगत असतो. त्याला खरं कारण कळलं, तर निदान आपण मूर्ख नाही एवढं तरी त्याला कळतं. दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती असतात, जादा वेळ मिळतो. ती मेहरबानी नाही, हक्क आहे, हे त्याला आपल्याच तोंडून ऐकू द्यावं.

गोष्टी सांगतानाही जरा जपू या. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. लष्करात बॉक्सिंग करायचे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि 1972 साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. ही गोष्ट आपण ‘बघ, त्यांना जमतं आणि तुला दोन हात-पाय असून जमत नाही’ अशी संपवतो. मग पेटकरही मुलाच्या नावडीचे होतात. त्यापेक्षा पाय साथ देत नसताना पाण्यात वेग कसा येतो, हे बोला. मुलं तासभर प्रश्न विचारतील.

आणि वाढदिवस जवळ आला असेल, तर सानिकाच्या आईला आधी एक फोन करा. ‘आमच्याकडे लिफ्ट नाही, खालच्या हॉलमध्येच ठेवलं तर चालेल ना? तिला केक कुठला आवडतो?’ आपण अवघडतो, चुकीचं काही बोलून जाऊ म्हणून फोनच करत नाही, आणि त्या घरी आमंत्रण जात नाही. बोलताना एखादा शब्द चुकला तर तिची आई सांगेल. फोन करताना आपलं मूल शेजारी असू द्या.