बूटकॅम्पची फी भरण्याआधी

बूटकॅम्प म्हणजे काही महिन्यांत संगणक क्षेत्रातल्या नोकरीपुरते कौशल्य शिकवणारा खासगी क्लास. फुल स्टॅक, डेटा सायन्स, सॉफ्टवेअर टेस्टिंग हे त्यातले नेहमीचे कोर्स. २०१२च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत हा प्रकार रुजला. पण थोड्या मुदतीत कसून शिकवणारे अभ्यासक्रम पुण्याला नवे नव्हते. सी-डॅक या पुण्यातल्या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम त्याआधीपासून चालू आहे आणि त्याच्या प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा द्यावी लागते. बहुतेक खासगी क्लासमध्ये मात्र फी भरण्याची तयारी हीच पात्रता धरली जाते. जिथे प्रवेशाच्या वेळी कोणालाच नाही म्हटले जात नाही, तिथे प्रत्येकाला नोकरी लावून देण्याचे आश्वासन मुळातच पोकळ असते.

ज्याने घरी थोडेफार प्रोग्रॅमिंग केले आहे, ज्याला ते आवडले आहे आणि ज्याला आता शिस्त, चुका दाखवणारा शिक्षक आणि सोबतीला बॅच हवी आहे, त्याला अशा क्लासचा खरा उपयोग होतो. ‘आयटीत पगार चांगला’ एवढ्याच कारणाने आलेला विद्यार्थी लवकरच मागे पडतो. सुरुवातीचे व्हेरिएबल आणि लूप पाठांतरावर निभावतात, पुढचे निभावत नाही.

म्हणून आधी घरीच परीक्षा घ्यावी. स्वयम, एनपीटेल, फ्रीकोडकॅम्प यांवर सुरुवातीपुरते साहित्य फुकट मिळते. सहा-आठ आठवडे रोज दोन तास त्याला द्यावेत आणि मग आकड्यांच्या यादीतला दुसरा मोठा आकडा शोधणारा प्रोग्रॅम कुठेही न बघता लिहावा. ७, ५, ३ दिल्यावर उत्तर ५ आले की काम झाले असे वाटते. मग ७, ७, ५ देऊन पाहावे. आता उत्तर ७ यायला हवे की ५? यादीत एकच आकडा असला तर? यादी रिकामीच असली तर? उत्तर चॅटजीपीटीकडून घेतले तर परीक्षेला अर्थ राहत नाही. या प्रश्नांपायी ज्याला जेवणाची वेळ झाली तरी उठवत नाही, त्याने क्लासचा विचार जरूर करावा. ज्याला त्यांचा वैताग येतो त्याने थांबावे, कारण नोकरीतही दिवसभर हेच करायचे असते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते फीच्या हप्त्यांत. क्लासचा काउन्सेलर ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतो तेव्हा ते हप्ते क्लासचे आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. कर्जाची रक्कम सुरुवातीलाच क्लासकडे जमा होते आणि परतफेड विद्यार्थ्याच्या नावावर राहते. त्याने महिन्याभरात क्लास सोडला किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ता आपोआप थांबत नाही. हप्ते थकले की सिबिल स्कोअर घसरतो. वडील सहकर्जदार असतील तर त्यांचाही घसरतो, आणि पुढे घराच्या कामासाठी बँकेत गेल्यावर ते कळते. मोबाइलवर ओटीपी देण्याआधी कर्ज कोणाचे, एकूण परतफेड किती आणि क्लास सोडल्यास फी परत कशी मिळणार, हे लेखी मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देताना कर्जाचा पूर्ण खर्च सांगणारे पत्रक द्यावेच लागते. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवस असा असतो की मुद्दल आणि तेवढ्या काळाचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. प्रक्रिया शुल्क मात्र कापले जाऊ शकते.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ या शब्दांपुढे बारीक अक्षरांत बहुधा ‘असिस्टन्स’ असते. मुलाखती जुळवून देणे एवढाच त्याचा अर्थ. मागच्या बॅचमध्ये किती जण दाखल झाले, किती जणांनी कोर्स पूर्ण केला आणि किती जणांना प्रोग्रॅमिंगचीच नोकरी लागली, हे तिन्ही आकडे विचारावेत. भिंतीवरच्या यशोगाथा कोणत्या वर्षीच्या आहेत तेही पाहावे. २०२१-२२मध्ये आयटी कंपन्यांची भरती जोरात होती, पुढच्या वर्षी ती आखडली. क्लासने भेटवलेल्या विद्यार्थ्यांवर विसंबू नये. लिंक्डइनवर स्वतः दोघा-तिघांना गाठून विचारावे.

काही ठिकाणी फ्रेशरला खोटे अनुभवपत्र बनवून देण्याची तयारी दाखवली जाते. तिथून तडक बाहेर पडावे. कंपन्या पीएफच्या यूएएन क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्या पडताळतात आणि खोटेपणा उघड झाला की लागलेली नोकरीही जाते.

नोकरीची खोटी हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढून मनाई केली आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी फीची पावती, कर्जाचा करार, जाहिरातीचा फोटो आणि काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेज पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.