आंबट द्राक्षं आणि नीटचं तिसरं वर्ष

नीटचा निकाल लागला की कोल्हापुरात माझ्यासमोरच्या खुर्चीत दरवर्षी तोच प्रश्न येऊन बसतो. ‘सर, आणि एक वर्ष बघूया की!’ हे बोलतात वडील. पोरगं फरशीकडं बघत असतं. दोन वेळा परीक्षा देऊनही गुण जिथल्या तिथंच असतील, तर तिसऱ्यांदा बसवू नका. हे ऐकायला कुणी येत नाही, तरी मी सांगतोच.

अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग या वाटा शेजारचेही सांगतील. मी सूक्ष्मजीवशास्त्राचं नाव काढलं, की आई म्हणते, ‘म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट!’ बरं, मग द्राक्षांवरच बोलू.

युरोपातली द्राक्षवेल थंडीत झोपते. आपल्या उष्ण कटिबंधातली झोपतच नाही. म्हणून तासगावचा बागायतदार एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी करून वर्षाला एक पीक घेतो. हवा दमट झाली की केवडा, भुरी, करपा यांची धास्ती. वेलही गप्प बसत नाही. बुरशीचा हल्ला झाला की ती रेस्व्हेराट्रॉलसारखी संयुगं तयार करते. सालीत आणि बियांत टॅनिन असतातच. त्यांचा अर्क जिवाणूंना रोखतो का, हे बीएस्सीची मुलगीसुद्धा तपासू शकते. जिवाणू पसरलेल्या अगारच्या थाळीत छोटा खड्डा पाडून त्यात अर्क घालायचा, थाळी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची आणि सकाळी खड्ड्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. स्टॅफिलोकॉकसपुढं वर्तुळ बहुधा मोठं येतं, ई. कोलायपुढं लहान. कारण ई. कोलायच्या अंगावर एक जादा बाह्यपटल असतं.

आता गंमत बघा. तासगाव गणेश, थॉमसन, माणिक चमन ही सगळी बिनबियांची वाणं. मग बी आणायचं कुठून? वाइनच्या द्राक्षांच्या चोथ्यातून. आणि खरड छाटणीत बांधावर पडणाऱ्या काड्यांचं काय? त्यांतही रेस्व्हेराट्रॉल असतं. एमएस्सीच्या प्रकल्पाला एवढा विषय पुरे.

मात्र थाळीतलं वर्तुळ म्हणजे औषध नव्हे. द्राक्षं खाऊन जंतुसंसर्ग बरा होतो असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला, तर तो खोडता येणं हेच या शिक्षणाचं पहिलं फळ.

पैशाचंही स्पष्ट बोलतो. नुसत्या बीएस्सीवर पगार तुटपुंजा मिळतो. एमएस्सीपर्यंत पाच वर्षं धरा; एमबीबीएसलाही साडेपाच लागतातच. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे. दूध संघ, आसवनी, औषध कंपन्या यांच्या प्रयोगशाळांना ही माणसं लागतात. संशोधनाची ओढ असेल तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था बघा. बुरशीला दाद न देणारं ‘एआरआय-५१६’ हे द्राक्षाचं वाण तिथलंच. पुण्याजवळ मांजरीला १९९७पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे.

हेच करा, असा माझा हट्ट नाही. पोराला थाळीतल्या वर्तुळाचं कुतूहल वाटत नसेल, तर हेही लादू नका. पण ते तुम्हाला कसं कळणार? पुढच्या वेळी त्याला एकट्यालाच आत पाठवा. तुम्ही बाहेर बसा, चहा मी सांगतो.